सगळ्या टेस्ट पास, तरीही

एडिटर बिघडला तर बंद पडतो. आपण वैतागतो आणि पुन्हा चालू करतो. गिट बायसेक्ट बिघडलं तर काहीच कळत नाही. ते भलत्याच कमिटवर खापर फोडतं आणि आपण त्या कमिटवाल्याला जाब विचारायला निघतो. म्हणून बग शोधणाऱ्या साधनाच्या कोडचा रिव्ह्यू करताना मी जरा जास्तच खवचट होते.

बायसेक्टचं काम सोपं आहे. कुठला कमिट चांगला होता आणि कुठला बिघडलेला आहे, एवढं आपण सांगायचं. ते मधला कमिट काढून देतं, आपण तपासून ‘गुड’ किंवा ‘बॅड’ म्हणायचं, की निम्मा इतिहास बाद. हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. 2005 साली, गिटच्या पहिल्याच वर्षी, ही सोय आली. मेख अशी की एखादा ‘गुड’ चुकून दिला गेला, तर पुढच्या सगळ्या फेऱ्या बिनचूक होऊनही उत्तर चुकतंच.

मूळ बायसेक्ट ही शेल स्क्रिप्ट होती. ती सी भाषेत नेण्याचं काम बरीच वर्षं रेंगाळलं. 2016 च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये त्यावर काम झालं आणि 2023 मध्ये 2.40 आवृत्तीत ते तडीला गेलं. माझ्याकडे ऑनलाइन शिकणाऱ्या सांगलीच्या एका विद्यार्थिनीने जुनी शेल आवृत्ती घेऊन त्यातला ‘रन’ हा भाग सरावासाठी स्वतः सीमध्ये उतरवला होता. ‘रन’ला आपण एक स्क्रिप्ट द्यायची, मग प्रत्येक फेरीचा निकाल तो तिच्या एक्झिट कोडवरून स्वतःच ठरवतो. तिचा निरोप आला, ‘ताई, सगळ्या टेस्ट पास आहेत. एकदा नजर टाकता का?’

असल्या कोडवर नजर टाकून भागत नाही. डावीकडे जुनी स्क्रिप्ट, उजवीकडे तिचा सी कोड असं ठेवून मी ओळ न् ओळ लावत गेले. डिफमध्ये काय आलंय ते दिसतंच; काय गळलंय ते शोधावं लागतं. शेल कितीतरी गोष्टी न सांगता करत असतं. उदाहरणार्थ, स्क्रिप्टला दिलेले शब्द ते जसेच्या तसे पुढे पाठवतं. मी मुद्दाम नावात मोकळी जागा असलेली फाइल दिली. ते नीट चाललं. मग माझ्या स्क्रिप्टसाठी म्हणून ‘--लॉग’ हा पर्याय दिला, तर बायसेक्टनेच तो स्वतःचा समजून गिळला! स्क्रिप्ट त्याच्याविनाच चालली आणि निकाल मात्र ऐटीत लागला.

दुसरी गोष्ट अधिक आडवळणाची. बायसेक्टच्या सी कोडमध्ये पहिला बिघडलेला कमिट सापडला की आतल्या आत उणे 10 हा आकडा परत येतो. म्हणजे काम फत्ते. बाहेर पडताना त्याचं शून्य करायचं असतं. तिच्या कोडमध्ये ते राहिलं होतं, त्यामुळे प्रोसेस 246 देऊन संपत होती. पडद्यावर सगळं बरोबर दिसायचं, पण बायसेक्टला हाक मारणाऱ्या दुसऱ्या स्क्रिप्टला वाटणार, फसलं! टेस्ट पास होत होत्या, कारण त्या फक्त छापलेला मजकूर पाहत होत्या. मी लिहिलं, ‘आधी पडणारी टेस्ट लिही, मग कोड दुरुस्त कर.’ तिला ते उलटं वाटलं. माझ्या मते दुसरा क्रमच नाही.

स्क्रिप्टच्या एक्झिट कोडांबद्दल तिने विचारलं, ‘125 हाच आकडा का?’ प्रश्न आवडला. शून्य म्हणजे गुड, 1 ते 127 म्हणजे बॅड, त्यातला 125 तेवढा ‘हा कमिट तपासता येत नाही, सोडा’ यासाठी राखलेला. 128 पासून पुढे शोधच थांबतो. 126 आणि 127 शेलने आधीच घेतलेत: फाइल चालवता येत नाही, आणि आज्ञाच सापडत नाही. म्हणून त्याखालचा 125. पण यात एक खड्डा होता. स्क्रिप्टचं नाव चुकलं की प्रत्येक फेरीत 127, म्हणजे प्रत्येक कमिट बॅड, आणि आळ थेट चांगल्या कमिटच्या लगेच नंतरच्यावर. 2022 मध्ये गिटने यावर उपाय केला: सुरुवातीलाच 126 किंवा 127 आला, तर तीच स्क्रिप्ट आधी चांगल्या ठरलेल्या कमिटवर चालवून बघायची. तिथेही तेच आलं तर दोष स्क्रिप्टचा.

तिची पुढची आवृत्ती मी मान्य केली. त्यात कोडपेक्षा टेस्ट जास्त होत्या, आणि मला तेच हवं होतं.

तुम्ही बायसेक्टसाठी स्वतःची स्क्रिप्ट लिहीत असाल तर एवढं करा: बिल्डच होत नसेल तिथे 125 देऊन बाहेर पडा. नाहीतर न जुळलेल्या हेडर फाइलपायी कुणा भलत्याच्याच कमिटला ‘बॅड’ ठरवाल.