ठोकळे विकत, डोकं फुकट

बंगळुरूला पोस्टिंग आलं की नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. हवा कशी आहे आणि ट्रॅफिक कसं आहे? तिसरा प्रश्न मला फक्त बायको विचारते, "जेवणाचं टेबल कधी मोकळं होणार?"

कारण गेले सात महिने आमच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर लेगोच्या ठोकळ्यांचा एक बेली पूल पसरला आहे. हा नाद मला 2020 च्या लॉकडाउनमध्ये लागला. खोका मुलासाठी आणला होता. मुलगा वर्षभरात क्रिकेटकडे गेला, मी मात्र जमिनीवर बसलेला तिथेच राहिलो.

ज्यांनी हा पूल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बेली पुलाचा जीव त्याच्या पॅनेलमध्ये असतो. लोखंडी चौकट, 10 फूट लांब, सुमारे 5 फूट उंच, वजन 570 पौंड, म्हणजे साधारण 260 किलो. सहा जवान ते उचलतात. एका पॅनेलला दुसरं पिनांनी जोडायचं, सगळा सांगाडा आपल्याच काठावर रोलरवर बांधायचा, पुढे हलकं नाक लावायचं आणि पलीकडे ढकलत न्यायचा. क्रेन लागत नाही. 30 जुलै 2024 ला वायनाडमध्ये दरड कोसळली, तेव्हा इथल्याच, बंगळुरूच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या जवानांनी चूरलमलाला 190 फुटांचा पूल सुमारे 31 तासांत उभा केला. त्या तुकडीचं नेतृत्व पारनेर तालुक्यातल्या मेजर सीता शेळके करत होत्या. ते फोटो बघूनच मी ठोकळे काढून बसलो.

अडचण अशी की ठोकळ्याला काटकोन आवडतो आणि बेली पॅनेलच्या पोटात तिरक्या पट्ट्यांचा चौकोन असतो. पातळ दांड्या आणि क्लिपा वापरून तो कोन जमवायला मला सहा आठवडे लागले. पण शेवटी पूल खराखुरा ढकलता येऊ लागला. टेबलाच्या कडेवरून निघून समोरच्या खुर्चीवर टेकायचा. युनिटमधली मुलं रविवारी घरी येऊन तो लाँच करायची, आणि "सावकाश!" असं माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची.

मग "सर, कृतीची फाइल द्या ना" सुरू झालं. फाइल करणं हे पूल करण्यापेक्षा अवघड निघालं. स्वतःसाठी बांधताना हात चुका सावरून घेतो. दुसऱ्यासाठी लिहिताना प्रत्येक पायरी, प्रत्येक तुकड्याचा रंग आणि नंबर सांगावा लागतो. शेवटी 112 पानं झाली. मी ती सगळ्यांना फुकट वाटली आणि स्वतःवर बराच खूश झालो.

त्या खुशीला गेल्या महिन्यात तडा गेला.

एका रविवारी इंदिरानगरातल्या एका कॅफेत आम्ही दहा-बारा ठोकळेवेडे जमलो होतो. त्यात एक तरुण होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा. त्यानं बीएमटीसीची बस केली होती. दरवाजा उघडत होता, पाठीमागची शिडीसुद्धा होती. तिच्या कृतीची फाइल तो साडेतीनशे रुपयांना देतो. आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ त्याला म्हणाले, "कर्नलसाहेब 112 पानं फुकट देतात, आणि तू एका बसचे साडेतीनशे घेतोस? छंदाचा धंदा करू नये माणसानं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी हसलो. नम्रपणे, मान थोडी खाली घालून, कौतुक घेताना हसतात तसा.

निघताना पार्किंगमध्ये तो तरुण माझ्याजवळ आला. म्हणाला, "सर, तुम्ही फुकट देता याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तुम्ही हसलात."

मला उत्तर सुचलं नाही. मग त्यानंच सांगितलं. दीड वर्षापूर्वी त्याची नोकरी गेली. मधल्या काळात किरकोळ कामं, आणि या फायलींमधून घरभाड्याचा काही भाग. "तुमचा पगार ठोकळ्यांतून येत नाही, सर. माझं थोडं भाडं येतं." एवढं बोलून त्यानं हेल्मेट घातलं.

उलसूर तलावाजवळच्या सिग्नलला गाडी बराच वेळ उभी होती. मी मनातल्या मनात स्वतःचा बचाव करत होतो. बचाव चांगलाही होता. साताऱ्यात लहानपणी आम्ही दिवाळीत किल्ला करायचो. माती, दगड, वर अळीव पेरून हिरवळ. शेजारच्या आळीतल्या मुलांनी बुरुजाखाली चोरदरवाजा कसा काढला, हे आम्ही सरळ जाऊन विचारायचो आणि ती सांगायची. त्याचे पैसे मागणाऱ्याला आम्ही वेडा म्हटलं असतं. अरविंद गुप्तांचंही उदाहरण होतं. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून घर, पूल, काय वाट्टेल ते. सगळी कृती, सगळी पुस्तकं जगासाठी खुली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी काय वेगळं करत होतो?

सिग्नल सुटला आणि वेगळं काय ते लक्षात आलं. आमच्या किल्ल्याची माती फुकट होती. गुप्तांच्या काड्या जवळजवळ फुकट आहेत. जिथे वस्तू फुकट, तिथे कल्पना फुकट देण्यात एक मेळ आहे. दोन्ही मिळून गरीब मुलापर्यंत पोचतात. माझ्या पुलाचं तसं नाही. तो बांधायला नऊ-दहा हजारांचे तुकडे लागतात. ते पैसे ठोकळे करणाऱ्याला, विकणाऱ्याला, कुरिअरवाल्याला सगळे बिनतक्रार देतात. हात आखडतो तो फक्त शेवटच्या माणसापाशी, ज्यानं रात्री जागून ते तुकडे कसे जोडायचे हे शोधलं त्याच्यापाशी. ठोकळे विकत, डोकं फुकट.

खुद्द लेगो कंपनीसुद्धा असं वागत नाही. छंदी माणसानं सुचवलेल्या मॉडेलला 10,000 लोकांचा पाठिंबा मिळाला आणि कंपनीनं ते निवडून बाजारात आणलं, तर निव्वळ विक्रीचा 1 टक्का त्या माणसाला मिळतो. टक्का मोठा नाही, पण शून्यही नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण तुला पैसे घेता तरी आले असते का?"

नेमकं. सेवेत असताना परवानगीशिवाय बाजूचा धंदा करता येत नाही, हे पहिल्या पोस्टिंगपासून माहीत असलेली गोष्ट. ज्याला पैसे घेताच येत नाहीत, त्यानं फुकट देण्यात कसलं औदार्य? मी नियमाला दानाचा सदरा घातला होता, आणि वर तो घालून कॅफेत मिरवलो होतो.

त्या रात्री बेलीसाहेबांची आठवण झाली. डोनाल्ड बेली हे ब्रिटिश वॉर ऑफिसातले नोकरदार. छोट्या पुलांची मॉडेलं करणं हा त्यांचा छंद. त्या छंदातून आलेला पूल दुसऱ्या महायुद्धात सैन्यानं जगभर टाकला. ते पगारी होते, काळ युद्धाचा होता. सगळं देशासाठी फुकट, असं म्हणून सरकारला मोकळं होता आलं असतं. पण त्यांना 1946 साली सर ही पदवी मिळाली आणि शोधासाठी 12,000 पौंडही मिळाले. एवढंच नव्हे, त्या पुलाआधी ज्यांनी असे पूल रचले होते, त्या हॅमिल्टन आणि मार्टेल यांनाही युद्धानंतर मोबदला दिला गेला. ज्या पुलावर मी अर्धी नोकरी केली, त्याच्या मुळाशी एका छंदी माणसाला चुकवलेली किंमत आहे, आणि मी छंदाला किंमत नसते म्हणून हसत होतो.

दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला फोन केला. आधी माफी मागितली. मग त्याच्या बसची फाइल विकत घेतली. शनिवारी ती बांधायला बसलो आणि साडेतीनशे रुपये कशाचे ते पायरी 43 ला कळलं. तिथे मी एक तुकडा उलटा लावणार होतो. पान उलटलं, तर बाजूला लहानसं चित्र होतं, उलट्या तुकड्याचं, त्यावर लाल फुली. माझी चूक त्यानं माझ्याआधी करून पाहिली होती. माझ्या 112 पानांत अशी एकही फुली नाही. माझ्या पुलात अडकलेल्यांनी मला कधी मेसेज केला तर मी सवडीनं उत्तर देतो. तो रात्री अकराला देतो, कारण समोरच्यानं पैसे मोजलेले असतात.

मी त्याला विचारलं, "मग मी माझी फाइल काढून टाकू का?"

"अजिबात नको, सर," तो म्हणाला. आम्ही ज्या प्रोग्रॅमवर ही मॉडेलं रचतो त्याच्या पायाशी एलड्रॉ नावाचा तुकड्यांचा संग्रह आहे. जेम्स जेसीमन नावाच्या माणसानं नव्वदच्या दशकात तो सुरू केला. 1997 साली तो गेला, तेव्हापासून स्वयंसेवक एकेक तुकडा रेखाटून त्यात घालत आले आहेत, फुकट. "तेही कोणी दिलं म्हणून मी काम करू शकतो. माझी छोटी रिक्षा मी फुकटच देतो. फक्त द्यायचं की नाही हे ज्यानं केलं त्यानं ठरवावं, घेणाऱ्यानं नाही."

यापुढे माझं वेगळं मत राहिलेलं नाही. ज्याला देता येतं त्यानं जरूर द्यावं. माझ्या शेजारच्या नायब सुभेदारांची मुलगी सातवीत आहे, तिला पुलाची फाइल फुकटच मिळाली आणि मिळायला हवी होती. पण एकाचं दान हे दुसऱ्याच्या कामाचा भाव पाडायचं हत्यार होऊ नये, याची काळजी देणाऱ्यानंच घ्यायची असते. म्हणून माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आता तीन ओळी आहेत: ही फाइल मोफत आहे, कारण मला पगार आहे. जे पैसे घेतात त्यांच्या कामाची ही किंमत समजू नये. आवडलं तर पुढची फाइल एखाद्याकडून विकत घ्या.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. तो एका जुन्या रेल्वे पुलाचं मॉडेल करतोय, विकण्यासाठी. माझ्या पॅनेलमधला तो तिरका जोड वापरू का, आणि किती द्यायचे? मी म्हणालो, घेऊन टाक, मला घेता येत नाहीत हे तुला माहीत आहे.

दोन दिवसांनी त्यानं कच्चं पान पाठवलं. खाली बारीक अक्षरात माझं नाव होतं, हुद्द्यासकट. मी हुद्दा तेवढा काढायला सांगितला.