ड्रॉप आर्मवरचा थेंब

आमच्या घराची सगळी मिळकत एका ट्रकवर आहे. सहा चाकी, एमएच 11 पासिंगचा. अब्बांनी तो साताऱ्यात घेतला, पुढे आम्ही मिरजेला आलो, पण नंबर साताऱ्याचाच राहिला. अब्बांच्या आधीच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. भरलेली गाडी जागेवर वळवायची म्हणजे ते सीटवरून अर्धे उठून स्टिअरिंगला लोंबकळायचे आणि रात्री अम्मी त्यांच्या खांद्यांना तेल चोळायची. म्हणून ही गाडी दारात आली तेव्हा अम्मीला तिच्या रंगापेक्षा स्टिअरिंगचंच कौतुक जास्त होतं.

ही सोय मुळात निघाली तीही ट्रकवाल्यांमुळेच. फ्रान्सिस डेव्हिस नावाचे अमेरिकन इंजिनिअर पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम करत होते. अवजड गाडीचं स्टिअरिंग काय चीज असते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. 1926 साली त्यांनी तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग गाडीवर बसवून दाखवलं. प्रवासी मोटारींत ते विकायला यायला मात्र 1951 साल उजाडलं.

तर यंदा पावसाळा सरता सरता गाडीखाली लालसर तेलाचे डाग दिसू लागले. आधी रुपयाएवढा, मग ताटाएवढा. स्टिअरिंगच्या तेलाची टाकी दर खेपेला खाली जायची. आमचा रस्ता कराड, पाटण, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. जाताना साखर किंवा गूळ, येताना जांभ्याचे चिरे. तेल संपलं तर स्टिअरिंग बंद पडत नाही, हे खरं. आतले दाते चाकं वळवतातच. पण हलकं लागणारं स्टिअरिंग घाटातल्या वळणावर एकाएकी लोखंडासारखं जड झालं, तर माणसाला सावरायला वेळ किती मिळणार?

तशात चिपळूणचं एक चांगलं भाडं आलं. टाकी भरून, सोबत दोन डबे घेऊन जाऊन यावं, असा विचार झालाही होता. अम्मी म्हणाली, “गाडी गळतेय हे माहीत असताना माझा मुलगा घाटात जाणार नाही. भाडं दुसऱ्याला द्या.” भाडं दुसऱ्याला गेलं. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक होतं, पुन्हा बोलावेल की नाही याची धास्ती घरात होतीच.

एका गॅरेजमध्ये वाकून बघितलं आणि निकाल दिला: ड्रॉप आर्मपाशी ओलं आहे, म्हणजे अख्खा स्टिअरिंग बॉक्स बदला. सांगितलेली रक्कम ऐकून भाभींनी हिशोबाची वहीच मिटली. मग आम्ही अब्बांच्या वेळच्या मिस्त्रींकडे गेलो. चाचा आता गॅरेजमध्ये फारसे येत नाहीत, पण आमच्यासाठी आले. त्यांचं पहिलं वाक्य असं, “थेंब जिथं पडतो तिथं गळती असतेच असं नाही, बेटा. तेल वरून येतं.”

त्यांनी आधी टाकी, पंप, पाइप, बॉक्स सगळं डिझेलने धुवायला लावलं आणि कोरडं करवून घेतलं. मग भाभींकडे बाळाची पावडर मागितली. भाभींना वाटलं चाचा थट्टा करताहेत. ती पावडर त्यांनी प्रत्येक सांध्यावर भुरभुरवली. इंजिन चालू केलं. दहा मिनिटं काही नाही, सगळं पांढरं कोरडं. मग चाचांनी स्टिअरिंग डावीउजवीकडे फिरवायला सांगितलं. शेवटच्या टोकाला मात्र चार-पाच सेकंदांहून जास्त दाबून धरायचं नाही, दाब फार चढतो आणि पंप तापतो. बॅटरी घेऊन भाभी बघत होत्या, त्यांनाच पहिल्यांदा दिसलं: पंपाकडून येणारा पाइप जिथे बॉक्सला बोल्टने जोडलेला असतो तिथून एक बारीक लाल रेघ खाली उतरली, बॉक्सच्या अंगावरून ड्रॉप आर्मवर आली आणि तिथून टपकली.

नुसतं इंजिन चालू असताना दाब कमी असतो. चाक वळवायला जोर लागतो तेव्हा तो शंभर बारच्या वर जातो. म्हणून उभ्या गाडीत सांधा कोरडा आणि वळणावर ओला. भाभींनी बोट लावून बघायला हात पुढे केला तर चाचा ओरडलेच. एवढ्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी फोडून आत जाते, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत बोट सडतं. बघायचं तर पुठ्ठा धरायचा.

बोल्टच्या दोन्ही बाजूंची तांब्याची वॉशरं चपटी होऊन गेली होती. नवी घातली, रेघ थांबली. पण चाचांनी पुन्हा पावडर मारून गाडी दोन दिवस गावातच फिरवायला लावली. तिसऱ्या दिवशी खाली, ड्रॉप आर्मच्या शाफ्टभोवती, पावडर थोडी ओलसर झाली होती. म्हणजे पहिल्या गॅरेजवाल्याचं अर्धं बरोबर होतं! मोठ्या गळतीच्या आड एक छोटी गळती लपली होती.

मग बॉक्स खाली आला. ड्रॉप आर्म काढण्याआधी चाचांनी आर्म आणि शाफ्टवर छिन्नीने खूण केली, कारण एक दाता इकडचा तिकडे बसला तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं. हातोडा त्यांनी लावू दिला नाही, पुलरच लावला. शाफ्ट पुसून त्यांनी त्यावरून नख फिरवलं. नख अडलं. जुन्या सीलने इतक्या वर्षांत तिथे चर पाडला होता. लेथवाला म्हणाला, वेल्डिंगने भरून घासून देतो, निम्म्यात काम होईल. चाचांनी नकार दिला. स्टिअरिंगच्या कुठल्याच भागाला वेल्डिंग लावायचं नाही, तडकलं तर रस्त्यावर कळतं. शाफ्ट नवा आणला, सील किट नवं. सील चढवताना शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळला, नाहीतर दातेच नव्या सीलची ओठी कापतात. दोन खेपांची कमाई गेली, पण अख्ख्या बॉक्सच्या मानाने थोडक्यात सुटलो.

हवा काढण्याचं काम रात्री इशानंतर झालं. मागच्या चाकांना दगड लावून पुढची चाकं जॅकवर उचलली, टाकी भरली आणि इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिलो. तेल खाली गेलं की पुन्हा ओतायचं. मग इंजिन चालू करून तेच. आधी टाकीत ताकासारखा फेस आला, पंप घुंघुं करत होता. हळूहळू दोन्ही निवळलं. टाकीतला फिल्टरही बदलला, तो काळा गाळ होऊन बसला होता. आणि तेल जे पुस्तकात लिहिलंय तेच. काहीजण अडचणीला ब्रेक ऑइल ओततात. त्याने रबराची सीलं फुगून वाया जातात.

पंधरवड्याने त्याच गिऱ्हाइकाचा फोन आला. अम्मीने निघण्याआधी गाडीखाली पुठ्ठा पसरायला लावला, रात्रभर तसाच ठेवला आणि फज्रनंतर स्वतः बॅटरी घेऊन पाहिला. कोरडा होता. पुठ्ठा घडी करून तिने केबिनमध्ये ठेवला, चिपळूणला मुक्कामी पसरायला.