कोरड्या विहिरीवरचा पोहरा

ख्रिस्ती प्रार्थनाशास्त्रात ‘शुष्कता’ हा शब्द ज्या अवस्थेसाठी वापरला जातो, तिच्यात माणसाची श्रद्धा शाबूत असते, रविवारची मिस्सा चुकत नाही, जपमाळ हातात असते आणि ओठही हलत असतात. मात्र पूर्वी ज्या शब्दांनी मन भरून येत असे ते शब्द आता उच्चारताक्षणीच विरून जातात, शुभवर्तमानातील उतारा वाचून संपतो तरी काय वाचले ते आठवत नाही, आणि वीस मिनिटांच्या मौनात नजर सात वेळा घड्याळाकडे जाते. ही अवस्था आठवडाभर टिकते, तशी वर्षानुवर्षेही टिकू शकते. सांगली आणि मिरज यांच्या मधोमध वसलेल्या विश्रामबागेत राहणाऱ्या कॅथलिक माणसाला ती अधिक एकाकी वाटण्याचा संभव असतो, कारण या पट्ट्यात ‘ख्रिस्ती’ म्हटले की लोकांना डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेले रुग्णालय आणि त्याच्या आसपास वाढलेली प्रॉटेस्टंट मंडळी आठवते; मरियेचे सण पाळणारा आणि १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांताच्या सातारा-सांगलीकडील भागात राहणारा कॅथलिक हा येथे अल्पसंख्याकांतही अल्पसंख्य असतो. वसईत किंवा गोव्यात संध्याकाळी शेजारच्या घरातून ऐकू येणारा माळेचा सूर मरगळलेल्या मनाला जो आधार देतो, तो आधार येथे ज्याचा त्यालाच उभा करावा लागतो.

या कोरडेपणाचे सर्वांत उपयोगी वर्णन सोळाव्या शतकातील स्पेनमधल्या अविलाच्या संत तेरेझा (१५१५–१५८२) यांनी आपल्या आत्मचरित्रात केले आहे, आणि कृष्णाकाठच्या वाचकाला ते समजावून सांगण्याची फारशी गरज पडत नाही. प्रार्थना करणारा हा बागेचा माळी, आणि बागेला पाणी देण्याच्या रीती चार, असे त्या म्हणतात: विहिरीतून हाताने शेंदून, रहाटाने, ओढ्याचे किंवा पाटाचे पाणी वळवून, आणि माळ्याला काहीच करावे लागू नये असा पाऊस पडून. पहिल्या रीतीत कष्ट सर्वांत जास्त आणि पाणी सर्वांत कमी, तर चौथीत सारे देवाचेच. म्हैसाळच्या उपसा योजनेने कृष्णेचे पाणी कवठे महांकाळ आणि जतपर्यंत चढताना पाहिलेला माणूस उपशाला दुसऱ्या रीतीत बसवील, कारण यंत्राने श्रम हलके झाले तरी नदीत पाणी असणे यंत्राच्या हाती नसते. मात्र तेरेझा यांच्या रूपकातील सर्वांत मोलाची जागा पहिल्याच रीतीत आहे. माळी विहिरीत पोहरा सोडतो आणि तो रिकामा वर येतो, पुन्हा सोडतो आणि पुन्हा रिकामाच येतो, असे पुष्कळदा घडेल, हे त्या आधीच सांगून ठेवतात. आणि तरीही माळ्याने आपले काम सोडले नाही तर बागेचा धनी पाण्यावाचूनही फुले जगवतो, असे त्यांचे म्हणणे आहे. हे लिहिणाऱ्या बाईंनी स्वतः अनेक वर्षे प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडे आणि घड्याळाच्या ठोक्याकडे कान लावून काढली होती, आणि तशी कबुली त्यांनी त्याच ग्रंथात दिली आहे. पुढे ज्यांना चर्चने प्रार्थनेच्या गुरू मानले, त्यांचीही नजर घड्याळाकडेच जात होती, ही गोष्ट नवख्या साधकाला सर्वांत आधी सांगितली पाहिजे.

अर्थात प्रत्येक कोरडेपणा एकाच जातीचा नसतो. आळसाने आलेला, पापाला चिकटून राहिल्याने आलेला, शरीराच्या किंवा मनाच्या आजारातून आलेला आणि देवाने शुद्धीकरणासाठी आणलेला कोरडेपणा वरवर सारखाच दिसतो. तेरेझा यांचे सहकारी, क्रूसाचे संत योहान (१५४२–१५९१) यांनी त्यांतील शेवटचा ओळखण्यासाठी तीन खुणा दिल्या आहेत: देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगाच्या गोष्टींतही वाटत नाही, आपण देवाची सेवा करत नाही, मागे पडत आहोत, अशी टोचणी सतत लागून राहते, आणि पूर्वीसारखे कल्पनेने, विचाराने मनन करू गेल्यास ते जमत नाही. तिन्ही खुणा एकत्र हव्यात, असा त्यांचा कटाक्ष आहे. ज्याची प्रार्थना आटली आहे पण करमणूक मात्र जोरात चालू आहे, त्याच्या दुखण्याला वेगळे नाव द्यावे लागते. दुसऱ्या बाजूने झोप, भूक, कामातले लक्ष आणि जगण्याची इच्छाच मंदावली असेल तर आध्यात्मिक रात्रीची भाषा बाजूला ठेवून वैद्यकीय मदत घेणे हेच योग्य, आणि चांगला धर्मगुरू तेच सांगतो. या दोन्हींची गल्लत करून माणसाला अधिक जपमाळा म्हणायला लावणे हा धर्माच्या नावाने केलेला अन्याय आहे.

ओसाड दिसणारा काळही फळाची तयारी असू शकतो, ही गोष्ट तासगावच्या द्राक्षबागायतदाराला योहानांपेक्षाही सहज सांगता येईल. उन्हाळ्यात खरड छाटणी झाली की बाग उघडी, बोडकी दिसते आणि त्या छाटणीवर फळ धरले जात नाही. पण त्यानंतर फुटणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांतच, बाहेरून काहीही दिसत नसताना, पुढच्या हंगामाचे घड तयार होत असतात, आणि ऑक्टोबरची छाटणी ते केवळ बाहेर आणते. योहानाच्या शुभवर्तमानात फळ देणाऱ्या फांदीलाच छाटले जाते असे येशू सांगतो, त्याचा अर्थ या भागातल्या माणसाला पुस्तकाआधी बांधावर कळतो.

कोरड्या काळात प्रत्यक्ष काय करावे, याचे नियम संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत दिले आहेत. ते ज्याला ‘विषाद’ म्हणतात, म्हणजे ज्या अवस्थेत मन अंधारलेले, चंचल आणि देवापासून तुटल्यासारखे असते, तिच्यात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही, हा पहिला नियम. कारण बरे वाटत असताना घेतलेला निर्णय वाईट वाटत असताना मोडणे म्हणजे वादळात सुकाणू सोडून देणे होय. दुसरा नियम अधिक धारदार आहे. तासभर प्रार्थनेचे ठरले असेल आणि मन पळून जायला पाहत असेल, तर तासापेक्षा थोडे अधिकच बसावे, म्हणजे मोहाला नुसता विरोधच होत नाही तर त्याचा पराभव होतो. वरवर हा हट्ट वाटतो, परंतु त्यामागे खोल जाण आहे: वेळ कमी करत गेल्यास ती नेमकी किती असावी हे मनाची लहर ठरवू लागते, आणि एकदा लहरीच्या हाती कारभार गेला की बरे वाटणाऱ्या दिवशीही प्रार्थना तिच्याच मर्जीने चालते. विश्रामबागेत राहणाऱ्या, सकाळी मुलांना शाळेत सोडून कामावर जाणाऱ्या माणसासाठी तास शक्य नसेल, तर ठरलेली पंधरा मिनिटे सोळा करावीत. नियमाचा जीव त्या एका मिनिटात आहे.

जपमाळ नेमकी या ठिकाणी कामी येते. मनातून शब्द उगवत नाहीत तेव्हा ती शब्द पुरवते. एका दशकात प्रभूने शिकवलेली प्रार्थना एकदा, मरियेला नमन करणारी प्रार्थना दहादा आणि त्रैक्याचा गौरव एकदा, अशी पाच दशके. आणि प्रत्येक दशकाबरोबर येशूच्या किंवा मरियेच्या जीवनातील एक ‘रहस्य’, म्हणजे तारणाचा अर्थ ज्यात साठलेला आहे असा एक प्रसंग, मनासमोर धरायचा. पूर्वी रहस्ये पंधरा होती, म्हणून पूर्ण माळेत मरियेचे नमन दीडशे वेळा येई आणि ते दीडशे स्तोत्रांशी जुळे. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्ये जोडली. पोप सहावे पॉल यांनी १९७४ मध्ये लिहिले होते की मननावाचून जपमाळ म्हणजे आत्म्यावाचून शरीर. ते खरेच आहे, तरी शुष्कतेत सापडलेल्या माणसाने त्यामुळे घाबरून जाऊ नये.

मिरजेच्या तंबोऱ्याने हे चांगले समजते. मूळच्या शिकलगार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेल्या या वाद्यात घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा असतो, आणि कारागीर तो केसभर पुढे-मागे सरकवत राहतो. धागा चुकीच्या जागी असेल तर तार बद्द वाजते, नेमक्या जागी आला की तोच षड्ज उघडतो आणि त्यातून न छेडलेले स्वरही ऐकू येऊ लागतात. याला जवारी लागणे म्हणतात. पुन्हा पुन्हा म्हटले जाणारे नमन हा तंबोरा आहे आणि रहस्य हा त्यावर मांडलेला राग. ज्या दिवशी गळा बसलेला असतो त्या दिवशी गवई रियाजाला बसतो, तंबोरा जुळवतो आणि षड्ज लावून धरतो. राग उभा राहिला नाही म्हणून तो तंबोरा भिंतीला टेकवून उठत नाही. शुष्कतेतील जपमाळ ही अशी नुसत्या षड्जाची बैठक असते. लिझ्यूच्या संत तेरेजा (१८७३–१८९७) यांना जपमाळ म्हणणे अतिशय जड जाई, आणि मन अगदी कोरडे पडले की त्या प्रभूची प्रार्थना आणि मरियेचे नमन हेच अतिशय सावकाश म्हणत. मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे सांगतात की सुमारे अर्धशतक त्यांना देवाच्या अनुपस्थितीचाच अनुभव येत होता, आणि त्या काळात माळ त्यांच्या हातातून सुटली नव्हती.

बांधीव शब्दांचा हा आधार मराठी ख्रिस्ती परंपरेला परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ मोठ्याने गाण्यासाठीच होता. नव्या ख्रिस्ती लोकांची आधीची पुराणे सुटली होती आणि गाण्याची सवय तशीच होती. ओवी म्हणत जाते फिरवणाऱ्या बाईचे मन दळताना कुठेही असो, छंद तिला पुढच्या चरणाकडे नेतो. समर्थांची करुणाष्टके आणि तुकोबांचे विरहाचे अभंग ज्यांच्या कानावर आहेत, त्या सज्जनगडाच्या परिसरातील लोकांना देव भेटत नाही ही तक्रारसुद्धा उपासनाच असते, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मरियेकडे वळण्याचे खरे कारण मात्र माळेच्या सोयीपेक्षा मोठे आहे. कॅथलिक शिकवणीनुसार आराधना केवळ देवाची असते. मरियेला दिला जातो तो विशेष सन्मान, आणि तिला केलेली विनंती ही आपल्याबरोबर तिनेही देवाकडे प्रार्थना करावी एवढ्यासाठी असते. चारही शुभवर्तमानांत मिळून तिचे शब्द चारच प्रसंगी नोंदलेले आहेत. देवदूताचा निरोप आल्यानंतर तिच्याकडे पुन्हा देवदूत आल्याचे लूक सांगत नाही. बारा वर्षांचा मुलगा तीन दिवस सापडत नाही, सापडल्यावर ती त्याला जाब विचारते, त्याने दिलेले उत्तर तिला आणि योसेफाला कळत नाही, आणि न कळलेले ते उत्तर ती अंतःकरणात जपून ठेवते. क्रूसाजवळ ती उभी असते आणि तिच्या तोंडी एकही शब्द नाही. भक्तिगीतांतील तेजोवलयामुळे हे झाकले जाते, परंतु कोरड्या प्रार्थनेत बसलेल्या माणसाला तिची हीच ओळख उपयोगी आहे: जिला कळले नाही, तरी जी निघून गेली नाही, अशी बाई त्याच्या शेजारी बसलेली असते.

गुरुवारी म्हटल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या रहस्यांपैकी दुसरे रहस्य काना गावच्या लग्नाचे आहे. द्राक्षारस संपतो, आणि मरिया कोणताही उपाय न सुचवता, आळवणी न करता, काय नाही एवढेच मुलाला सांगते. शुष्कतेत याहून प्रामाणिक प्रार्थना नसते, आणि त्या दिवसापुरती ती पुरेशी असते. त्याचे उत्तर नकारासारखे ऐकू येते. तरी ती सेवकांना तो सांगेल तसे करायला सांगून बाजूला होते. तेथे दगडाचे सहा रांजण होते, प्रत्येकात सुमारे ऐंशी ते एकशेवीस लिटर पाणी मावेल एवढे, म्हणजे एकूण सुमारे पाचशे ते सातशे लिटर, आणि ते सारे पाणी कोणीतरी शेंदून, खेपा घालून आणायचे होते. लग्नघरात द्राक्षारस हवा असताना त्या माणसांना पाणी वाहायला सांगितले होते, आणि त्यांच्या हातून गेले ते साधे पाणीच. पाण्याचा द्राक्षारस नेमक्या कोणत्या क्षणी झाला हे शुभवर्तमानकार योहान लिहीत नाही, सेवकांची नावे लिहीत नाही, विहिरीवर किती खेपा झाल्या तेही लिहीत नाही. त्यांनी रांजण काठोकाठ भरले, एवढे मात्र लिहितो.