नियोजित म्हणजे कुणी नियोजलेलं?

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आप्पांनी मला व्हॉट्सॲपवर एकामागून एक अकरा फोटो पाठवले. तिरके, अंगठ्याची सावली पडलेले. कराराच्या मसुद्याची पानं होती. एक कंपनी आमचं सांगोल्याकडचं बावीस एकर माळ सौर प्रकल्पासाठी भाड्यानं मागत होती, एकोणतीस वर्षांसाठी. खाली आप्पांचा व्हॉइस मेसेज: "हे तुझ्याच लायनीतलं हाय. बघ अन् सांग, सही करू का न्हाई."

माझ्या लायनीतलं होतंच. इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर घेतल्यामुळे विजेशी माझा संबंध पहिल्या वर्षाच्या एका पेपरापुरता. पण नोकरी लागली ती सौर प्रकल्पांच्या निर्मितीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ठिकाणी. रोज किती युनिट वीज झाली, करारात किती कबूल केली होती, तूट किती, दंड किती. मी ऑफिसमधून संध्याकाळी पानं चाळली आणि कळवलं, "ठीक वाटतंय. ५ मेगावॅटचा प्रकल्प आहे, मेगावॅटमागे भाडं देतायत, दर बरा आहे."

हे उत्तर मी दिलं, याची मला आजही लाज वाटते. कारण 'मेगावॅट' या शब्दावर मी आधी एकदा चांगला आपटलो होतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. डेटाबेसमध्ये प्रत्येक प्रकल्पासमोर 'क्षमता' नावाचा एकच कॉलम होता. एका प्रकल्पासमोर २८ लिहिलेलं, म्हणून मी २८ धरलं. वर्षभर सतत पूर्ण क्षमतेनं चालला असता तर प्रकल्पानं जेवढी वीज दिली असती, त्याच्या किती टक्के प्रत्यक्षात दिली, याला सीयूएफ म्हणतात. सौर वीजखरेदी करारांत उत्पादक हा आकडा आधी जाहीर करतो आणि वर खाली ठरावीक मर्यादेत राहायचं बंधन घेतो. त्या प्रकल्पानं वर्षात ४.३८ कोटी युनिट दिली होती. माझ्या रिपोर्टमध्ये सीयूएफ आला १७.९ टक्के. जाहीर केला होता २५. खाली पंधरा टक्क्यांची सूट धरली तरी २१.२५ च्या खाली जायची परवानगी नव्हती. म्हणजे दंड. रिपोर्ट ग्राहकाकडे गेला, आणि तासाभरात आमच्या टीम लीड मॅडमचा फोन आला.

प्रकल्प २० मेगावॅटचा होता. आणि २८ मेगावॅटचाही होता. पॅनलमधून निघणारी वीज डीसी असते. सगळ्या पॅनलांच्या मागच्या पट्टीवरचे वॅट मिळवले की २८ येत. इन्व्हर्टर तिची एसी करून ग्रिडला देतो, आणि करार होता ग्रिडपाशी २० देण्याचा. २० नं भागलं की बरोब्बर २५ टक्के. दंड नाहीच.

आठ मेगावॅट जास्तीचे पॅनल कुणी उगीच लावत नाही. पॅनलच्या पट्टीवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो: चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश. आमच्याकडे मे महिन्यात सेल २५ अंशांवर ठेवायचा तर फ्रिजमध्ये ठेवावा लागेल. उन्हात पॅनल पासष्ट अंशांपर्यंत सहज जातो आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के ताकद गमावतो. म्हणजे ऐन दुपारी, ऊन सगळ्यात कडक असताना, चौदा टक्के गायब. त्यात धूळ, तारा, शिवाय वर्षागणिक थोडं म्हातारपण. म्हणून पॅनल जास्त लावतात. सकाळ-संध्याकाळ इन्व्हर्टर रिकामा बसत नाही, आणि एखाद्या थंड, लख्ख दुपारी जास्तीची वीज आली तर ती सोडून देतात. यावरही वाद झाले. २० चा करार करून २८ लावले म्हणजे करारभंग का, असे. शेवटी २०१९ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं स्पष्ट केलं की करारातली क्षमता एसी; ती आणि सीयूएफची मर्यादा पाळली जात असेल, तर डीसी बाजूला किती पॅनल लावायचे हा उत्पादकाचा प्रश्न.

मी त्या एका कॉलमचे तीन केले. पुढे चौथा करावा लागला, तारखेचा, कारण प्रकल्प टप्प्याटप्प्यानं चालू होतात आणि मार्चमधली क्षमता जूनमध्ये तीच नसते. हे सगळं माहीत असलेल्या माणसानं घरच्या करारातला '५ मेगावॅट' वाचून "ठीक वाटतंय" म्हटलं.

दोन दिवसांनी आप्पांचा फोन. "ते आठव्या पानावर नियोजित क्षमता लिव्हलंय. नियोजित म्हंजी कुणी नियोजलेलं?"

आठवं पान मी उघडलंच नव्हतं. व्याख्या तिथं होती. 'नियोजित क्षमता' म्हणजे ५ मेगावॅट, किंवा कंपनी तांत्रिक गरजेनुसार वेळोवेळी निश्चित करील ती क्षमता. भाडं या क्षमतेवर, मेगावॅटमागे, तेही प्रकल्प कार्यान्वित झाल्यापासून. जमीन मात्र सहीच्या दिवसापासून बावीसच्या बावीस एकर बांधलेली.

मग मी पेटलो. दोन रात्री बसून दीड पान व्याख्या लिहिली. क्षमता एसी की डीसी, कुठल्या मीटरपाशी मोजायची, कुठल्या तारखेला, टप्प्यात चालू झाली तर काय, नंतर जुने पॅनल काढून जास्त वॅटचे बसवले तर काय. हा शेवटचा मुद्दा काल्पनिक नाही. काही वर्षांपूर्वी ३३० वॅटचं पॅनल सर्रास होतं, आता साडेपाचशेच्या पुढे गेलंय. आकारानं वाढलंय, पण चौरस मीटरमागे वीजही जास्त देतं; म्हणजे तेवढेच मेगावॅट कमी जागेत बसतात. सुधारणा पॅनलमध्ये होणार आणि रान पडून राहणार आमचं. कोडमध्ये सगळ्या शक्यता बांधून टाकतात तशी मी ती व्याख्या बांधली होती. खरं सांगायचं तर मला तिचा अभिमानही वाटला.

शनिवारी गावी जाऊन ती आप्पांना वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकली. मग म्हणाले, "आपल्या मोटारीच्या पट्टीवर पाच एचपी हाय. कागद पाच एचपीचाच. हिरीला पाणी असू दे, नसू दे."

आमच्या विहिरीच्या कनेक्शनला मीटर नाही. अशा शेतीपंपांचं बिल एचपीवर निघतं. २०२४ मध्ये बळीराजा योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ झालं, तेव्हाही पाहिली ती एचपीच. आप्पांनी उभा जन्म पट्टीवरच्या आकड्याशी काढलाय. क्षमता म्हणजे काय, हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं.

"तू लिव्हलंयस ते बरोबर असंल," ते म्हणाले, "पर उद्या भांडण झालं तर ते मोजायला मी कुठं जाऊ? रान मोजायला मोजणीवाला येतो. एकरावर दे म्हणावं."

मी गप्प बसलो. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत भाडं हेक्टरवरच आहे, वर्षाला सव्वा लाख आणि दर वर्षी तीन टक्के वाढ. हे मला पाठ होतं, तरी सुचलं नव्हतं. मी तो शब्द नीट बसवण्याच्या नादात होतो. भाड्याच्या कलमात तो मुळात असावाच का, हे मी विचारलंच नाही.

कंपनीचा माणूस तरुण होता, माझ्याच वयाचा, भला वाटला. आप्पांनी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या: भाडं कुंपणाच्या आतल्या एकरांवर, आणि सहीच्या तारखेपासून. तो म्हणाला, हेड ऑफिसला विचारावं लागेल. मधल्या काळात चुलत्यांनी आप्पांना बरंच ऐकवलं. आलेली लक्ष्मी पोराच्या शहाणपणापायी परत चालली, असं. शहाणपण माझं नव्हतं, पण तो खुलासा मी केला नाही.

जानेवारीत उत्तर आलं. दोन्ही गोष्टी मान्य, फक्त आता जमीन बावीसऐवजी चौदा एकर हवी. मी मनात भाग घालून पाहिला. मेगावॅटला चार-पाच एकर धरले तर चौदा एकरांत तीन मेगावॅट. बाकीचे दोन कुणाच्या नियोजनात होते, कोण जाणे.

फेब्रुवारीत सही झाली. उरलेल्या आठ एकरांत आप्पांनी यंदा बाजरी केली. चौदा एकरांना तारेचं कुंपण पडलंय, आत अजून एकही पॅनल आलेला नाही. भाड्याचा पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी आप्पांनी पासबुकाचा फोटो पाठवला. तोही तिरका, अंगठ्याची सावली पडलेला.