माडीवरची खोली



शूनेमच्या बाईची गोष्ट (२ राजे ४) आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो. अलीशा संदेष्टा येता-जाता तिच्याकडे जेवायला थांबे. तिने नवऱ्याला सांगून त्याच्यासाठी माडीवर एक लहानशी खोली बांधली. तीत खाट, मेज, बसायला आसन आणि दिवा ठेवला. उपदेशात भर असतो तो पुढच्या चमत्कारावर, तिचा मुलगा मेला आणि उठला त्यावर. खोलीकडे कुणी फारसं वळत नाही. पण अलीशा काही रोज येत नव्हता. तो नसताना ती खोली झाडायची कुणी, दिव्यात तेल आहे का ते बघायचं कुणी? वेल्सच्या डोंगरात आम्ही दोघांनी पाच दिवस हेच काम केलं, तेव्हापासून ही खोली आमच्या डोक्यातून जात नाही.

आमची मुलगी कार्डिफला असते. सुटीत ती स्वयंसेवकांबरोबर डोंगरातल्या वसतिगृहांची देखभाल करायला जाते. "आईबाबा, बेळगावला चर्चची झाडलोट करताच ना, मग इथेही चला," म्हणाली. गेलो.

मध्य वेल्सच्या या उजाड डोंगराळ मुलखाला एलेनिद म्हणतात. मैलोन्‌मैल गवत, पाणथळ जमीन, मेंढ्या, मधूनच सरकारी लागवडीची काळपट सूचिपर्णी झाडं. दुकान नाही, बस नाही. ट्रेगारॉनहून आबरग्वेसिनकडे जाणारा डोंगरी रस्ता हा जुना गुरं हाकणाऱ्यांचा रस्ता. इंग्लंडच्या बाजारापर्यंत इतकं चालायचं म्हणून तिथे बैलांना नाल ठोकत, आणि कलहंसांचे पाय डांबरात अन् वाळूत बुडवून काढत! आता चालतात ते पाठीवर पिशवी घेतलेले पदयात्री. त्यांच्यासाठी दोन जुनी शेतघरं उघडी आहेत: टवी नदीच्या खोऱ्यात डोलगोख, आणि डोंगरापलीकडे डोइथीच्या खोऱ्याच्या माथ्याशी टिन कॉर्नेल.

ही दोन्ही पूर्वी युथ हॉस्टेल्स असोसिएशनची. या संस्थेचं काम १९३० साली सुरू झालं आणि तिचं पहिलं वसतिगृह वेल्समध्येच, कॉनवी खोऱ्यात उघडलं. खिशात फार पैसे नसलेल्या तरुणांना डोंगर बघता यावा, हा हेतू. पायी किंवा सायकलवर यायचं, मोटार चालत नसे, आणि सकाळी निघण्याआधी एक काम करून जायचं: कुणी जिना झाडी, कुणी भांडी घाशी. पुढे खर्च वाढले, लोकांना गरम पाण्याच्या न्हाणीघराची सवय लागली, आणि आडबाजूची लहान घरं एकेक करून बंद होत गेली. डोलगोख आणि टिन कॉर्नेलचीही पाळी आली. तेव्हा तिथे वर्षानुवर्षं येणाऱ्या लोकांनी एक धर्मादाय संस्था उभी केली आणि दोन्ही घरं चालवायला घेतली. पाळीपाळीने मंडळी येऊन राहतात, चूल पेटवतात, वाट बघतात.

आमच्या वाट्याला आलेलं काम अगदी साधं. गाद्या उन्हात टाकायच्या (ऊन आलं तर), खिडक्यांच्या चौकटी खरवडून रंगवायच्या, सरपण रचायचं. हिवाळ्यात नळातलं पाणी गोठून नळ फुटू नये म्हणून ते वेळीच रिकामे करावे लागतात. एक हिवाळा जरी कुणी फिरकलं नाही तरी घर गेलं म्हणून समजा. पाच दिवसांत मुक्कामाला आले सातजण. एका संध्याकाळी तर कुणीच नाही. तरी अंधार पडायच्या आत आमच्याबरोबरच्या सत्तरीच्या गृहस्थांनी स्टोव्हमध्ये लाकडं घातली आणि खिडकीत दिवा ठेवला.

त्या रात्री आम्हा दोघांचं वाजलं. हे बँकेत होते, त्यामुळे हिशोब सुटत नाही. सात माणसांसाठी एवढी लाकडं, एवढा रंग, एवढ्या माणसांचे दिवस? हाच वेळ शहरातल्या बेघरांना दिला तर? माझं म्हणणं, पावसात भिजून आलेल्याला आठवा माणूस कधी येणार ते विचारता येत नाही. दोघंही आपल्या जागी बरोबर होतो असं अजून वाटतं.

रविवारी सोअरला गेलो. सोअर अ मिनिद, म्हणजे डोंगरातलं सोअर, हे १८२२ साली बांधलेलं प्रार्थनामंदिर वेल्समधलं सगळ्यात एकाकी समजलं जातं. लांबलांबच्या शेतांवरून माणसं तट्टांवर बसून येत, म्हणून तबेला आणि राहतं घर त्याला लागूनच. ती शेतं आता ओस. खालच्या खोऱ्यात १९७२ सालापासून ब्रियान धरणाचं पाणी आहे. तरी उन्हाळ्यात वेल्श भाषेत उपासना होते. पुलपिटामागच्या भिंतीवर योहानाच्या पहिल्या पत्रातले देवाच्या प्रीतीबद्दलचे तीन शब्द रंगवलेत. भाषा कळत नसूनही ते कळले. आणि सोअर म्हणजे आपल्या उत्पत्तीतलंच (अध्याय १९). डोंगरावर पळ म्हणून सांगितलेल्या लोटाने त्याऐवजी मागून घेतलेलं छोटंसं गाव. वेल्शांनी डोंगर आणि सोअर दोन्ही ठेवून घेतलं. (जवळच्या ल्लानदेवी ब्रेवी गावाच्या नावातला 'देवी' पण आपल्या ओळखीचा निघाला: संत डेव्हिड, म्हणजे दावीद. तिथे उपदेश करताना त्याच्या पायाखालची जमीन उंच झाली, अशी आख्यायिका.)

खानापूरकडच्या आपल्या प्रार्थनाघराची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. चार घरं उरलीत, त्यात दोन म्हाताऱ्या एकट्या. गेल्या बैठकीत पेट्रोलचा आकडा फळ्यावर लिहिला गेला आणि त्याच्यापुढे कुणाला बोलता आलं नाही. पाळकसाहेबांनी विषय पुढच्या बैठकीवर टाकला. आकडा खोटा नाही. आमच्या घरातूनच तो तपासून दिला होता. पण मधल्या रविवारांना तिथे कुणी जायचं, हे त्या फळ्यावर नव्हतं.

म्हणून दुसऱ्या रविवारी आम्ही जातो. दोघंही; हिशोबवालेसुद्धा. कौलं सात-आठ फुटली आहेत, वळवाच्या आत बदलायला हवीत. शिडी मिळाली आहे. गाडीत मागे दोघांची जागा रिकामी असते. सकाळी साडेसातला निघतो.