पडद्याआडून आलेला आवाज

१८५४ साली झाशीच्या राजवाड्यात जॉन लँग नावाचा एक वकील पडद्यासमोर बसला होता. कंपनी सरकारने झाशी खालसा करण्याचा घाट घातला होता. लँगने पूर्वी कंपनीविरुद्धचा एक गाजलेला खटला जिंकला होता, म्हणून राणी लक्ष्मीबाईंनी त्याला मुद्दाम सल्ल्यासाठी बोलावून घेतले होते. राणी पडद्यामागे, वकील पडद्याबाहेर, आणि मध्ये कापडाचा एक पदर. बोलणे चालू असताना राणीच्या दत्तक मुलाने, छोट्या दामोदररावांनी, अचानक पडदा बाजूला सारला, आणि लँगला क्षणभर राणीचे दर्शन घडले. पुढे आपल्या प्रवासवर्णनात त्याने तिच्या चेहऱ्याचे आणि डोळ्यांचे कौतुक केले. आवाज मात्र त्याला आवडला नाही, काहीसा किरकिरा आणि घोगरा वाटला. त्याच आवाजात राणीने त्याला सांगितले होते की झाशी देणार नाही. इतिहासाने त्या चेहऱ्याच्या वर्णनावर शंभर वाद घातले. ते वाक्य मात्र मराठी पोरासोरांनाही पाठ आहे.

पडद्याविषयी आजवर जेवढे लिहिले गेले, त्यातले बहुतेक कापडाविषयी आहे. ते किती लांब असावे, कोणत्या रंगाचे असावे, चेहरा झाकावा की नुसते केस. झाशीच्या त्या संध्याकाळी महत्त्वाची गोष्ट दुसरीच होती. पडद्यामागून आलेला शब्द पडद्याबाहेर पोचला, आणि समोरच्याला तो ऐकावा लागला. स्त्रीच्या डोक्यावरच्या वस्त्राचा इतिहास या बाजूने वाचला, तर तो फार वेगळा दिसू लागतो.

तो इतिहास धर्मांहून जुना आहे. इराकमधल्या अश्शूर नगरीत सापडलेल्या मातीच्या विटांवर तीन हजार वर्षांपूर्वीचे कायदे कोरलेले आहेत. त्यांनुसार घरंदाज पुरुषांच्या बायका, लेकी आणि विधवा यांनी रस्त्यावर डोके झाकलेच पाहिजे. दासीने आणि वेश्येने मात्र झाकता कामा नये. वेश्या डोके झाकून दिसली तर तिला पकडून राजवाड्याच्या दारात न्यावे, पन्नास फटके मारावेत आणि तिच्या डोक्यावर डांबर ओतावे. तिला पाहूनही जो पुरुष गप्प राहील, त्यालाही शिक्षा. त्याच कायद्यांत आणखी एक कलम आहे. एखाद्याला आपल्या रखेलीला पत्नीचा दर्जा द्यायचा असेल, तर त्याने पाच-सहा शेजारी जमवावेत, त्यांच्यादेखत तिच्या डोक्यावर वस्त्र घालावे आणि ही माझी बायको असे म्हणावे. एवढ्याने ती पत्नी होते.

हे वाचताना मराठी वाचकाला वसंतसेना आठवल्यावाचून राहात नाही. देवलांच्या संगीत नाटकामुळे शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आपल्या घराघरांत पोचले. मूळ संस्कृत नाटकाच्या दहाव्या अंकात नवा राजा वसंतसेनेला वधू म्हणवून घेण्याचा मान देतो, आणि शर्विलक तिला अवगुंठन घालतो. गणिकेची कुलवधू होते ती वस्त्राच्या एका फेऱ्याने. अश्शूर आणि उज्जयिनी यांच्यामध्ये काळाचे आणि मुलखाचे केवढे अंतर, पण रीत तीच. डोक्यावरचे वस्त्र म्हणजे ही बाई कोणाची, याची समाजाला दिलेली वर्दी.

संस्कृत साहित्यातच याला छेद देणारे प्रसंगही आहेत, आणि ते विसरणे बरे नव्हे. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात वनवासाला निघालेला राम सीतेला अवगुंठन दूर करायला सांगतो, नगरजनांना तिला डोळे भरून पाहू दे म्हणतो. यज्ञ, विवाह, संकट आणि अरण्य या चार ठिकाणी स्त्रीला पाहण्यात दोष नाही, असे त्याचे म्हणणे. ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथातली गोपा तर त्याहून पुढची. सिद्धार्थाच्या घरी नवी सून म्हणून आल्यावरही ती कोणापुढे चेहरा झाकत नाही. लोक नावे ठेवू लागतात, तेव्हा ती स्वतः उत्तर देते, की ज्याचे आचरण शुद्ध त्याला आडोसा कशाला, आणि ज्याचे शुद्ध नाही त्याला कपड्यांचे हजार थर तरी काय झाकणार? दोन्ही प्रसंगांत वस्त्र दूर होते. फरक इतकाच की सीतेला परवानगी मिळते, गोपा ती मागतच नाही.

महाराष्ट्रात पडद्याचा अर्थ जातीजातीने, थराथराने बदलत गेला. घोशा पाळला जाई तो मराठा सरदार-दरकदारांच्या वाड्यांत. मेणा, चिकाचे पडदे, जनानखान्याचे वेगळे दार हा सारा खानदानीचा थाट होता. कुणब्याच्या घरातली बाई डोक्यावरून पदर घेई, पण भांगलणीला वाकताना, पाण्याची घागर उचलताना, बाजारात भाजी विकताना घोशा तिला परवडणारच नव्हता. हात मोकळे लागत. म्हणून घराला बरे दिवस आले, चार बिघे जमीन वाढली, की पहिल्यांदा सुनेचे शेतावर जाणे बंद होई. घरची बाई घरातच राहते, हे सांगण्यात प्रतिष्ठा होती. तिचे जग चार भिंतींएवढे झाले याची मोजदाद कोणी केली नाही. याच मराठी मुलखाच्या पोटी अहिल्याबाई होळकरही जन्मल्या. त्या उघड्या दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी जातीने ऐकत. त्यांच्यानंतर काही दशकांनी माळव्यात आलेल्या जॉन माल्कमने जुन्या माणसांकडून ऐकून हे मोठ्या आदराने लिहून ठेवले आहे.

ब्राह्मण घरांत घोशा नव्हता. सवाष्ण बाईचे डोके उघडे, अंबाड्यात फूल, पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटलेला. पण त्याच घरात, त्याच माजघराच्या कोपऱ्यात, एक डोके कायमचे झाकलेले असे. नवरा गेलेल्या बाईचे केशवपन होई आणि तिला लाल आलवण नेसवले जाई. चोळी नाही, कुंकू नाही, बोडक्या डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. ती कधी दहा-बारा वर्षांची असे. नवऱ्याचा चेहराही नीट आठवत नसलेली ही पोर पुढची साठ वर्षे त्या लाल वस्त्रात काढी. भल्या पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाक करी, आणि शुभकार्याला निघालेल्या कोणाच्या समोर येऊ नये म्हणून दाराआड सरके.

पडद्याच्या साऱ्या प्रकारांत हा सर्वांत निर्दय म्हटला पाहिजे. घोशातल्या राणीला निदान मान होता. आलवणातल्या बाईला घरातली लहान मुलेसुद्धा अपशकुनी समजत. आणि आश्चर्य हे, की एकोणिसाव्या शतकात परक्यांच्या पडद्यावर टीका करणाऱ्या कित्येक शिकल्यासवरल्या मराठी पुरुषांना आपल्याच घरातला हा लाल पडदा दिसत नव्हता.

ज्यांना दिसला ते वेगळ्या वाटेने आले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात अशा विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतले नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असे त्यांनी ठरवले. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवावा, यापरता धर्म तो कोणता? पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात पार्वतीबाई आठवले काम करू लागल्या. त्या स्वतः केशवपन झालेल्या. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, चांगल्या प्रौढ वयात त्यांनी डोक्यावर पुन्हा केस राखायचे ठरवले, आणि थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. त्यांचे आत्मचरित्र ‘माझी कहाणी’ आजही उपलब्ध आहे. आलवणाखालचा आवाज ज्याला ऐकायचा असेल त्याने ते वाचावे.

नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी पडद्याचा आणखी एक चेहरा पाहिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. तरी हिंदुस्थानात परतल्यावर त्यांना वकिलीची सनद मिळेना, कारण त्या बाई होत्या. १९०४ मध्ये सरकारने त्यांची नेमणूक केली ती बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, पडदानशीन जमीनदारणींच्या कामासाठी. लाखोंच्या इस्टेटीच्या या मालकिणी पुरुष वकिलासमोर येऊ शकत नसत. मध्ये दिवाण, मध्ये दीर, मध्ये मामा. पडद्याच्या फटीतून कागद आत जाई आणि अंगठा उमटून बाहेर येई. त्यावर काय लिहिले आहे ते तिला कोण सांगणार? सोराबजी पालखीत, होडीत, कधी हत्तीवर बसून त्या वाड्यांत पोचत आणि आत जाऊन बसत. गंमत नव्हे, पण विलक्षण गोष्ट ही की त्यांनी पडदा मोडण्याची घाई कधी केली नाही. आतल्या बायकांच्या चालीरीतींविषयी त्यांना आदर होता, आणि सुधारकांशी त्यांचे अनेकदा वाजले.

कायद्यालाही हा धोका कळला होता. पडदानशीन स्त्रीने केलेला दस्त न्यायालयात टिकायचा, तर तो तिला नीट समजावून सांगितला होता आणि तिला तो समजला होता, हे त्या दस्ताच्या आधारे हक्क सांगणाऱ्याने सिद्ध करायचे, असा दंडक प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून घट्ट झाला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या १३२ व्या कलमाने, रूढीमुळे लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रियांना न्यायालयात जातीने हजर राहण्यापासून सूट दिली. ते कलम आजही पुस्तकात आहे.

आता दोन राजवाडे. भोपाळच्या गादीवर एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत चार बेगमा बसल्या. कुदसिया बेगमांनी पडदा सोडला. त्यांची लेक सिकंदर बेगम घोड्यावर बसून राज्यभर फिरत, पडदा पाळत नसत. सिकंदरांच्या लेकीने, शाहजहान बेगमांनी, दुसऱ्या लग्नानंतर तो पुन्हा घेतला. आणि त्यांच्या लेकीने, सुलतान जहान बेगमांनी, बुरख्याआडूनच १९०१ ते १९२६ पर्यंत राज्य केले. १९११ मध्ये लंडनला राज्यारोहण समारंभाला त्या बुरख्यात गेल्या. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. मुलींच्या शाळा काढल्या, दवाखाने काढले, आणि पडद्याच्या बाजूने पुस्तकही लिहिले. आजी बिनपडद्याची आणि नात बुरख्यातली. काळ एकाच दिशेने पुढे सरकतो, असे मानणाऱ्यांना हे घराणे पुरते गोंधळात टाकते.

दुसरा राजवाडा बडोद्याचा. मराठा सरदार घराण्यातून आलेल्या चिमणाबाई १८८५ मध्ये सयाजीराव गायकवाडांशी लग्न करून घोशात शिरल्या, आणि महाराजांबरोबर परदेश पाहून, वाचून, विचार करून एके दिवशी त्यांनी घोशा उघडपणे सोडला. १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवरचा त्यांचा सहलिखित ग्रंथ लंडनमधून निघाला. १९२७ च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षा चिमणाबाई होत्या. पुढच्या वर्षी दिल्लीला अध्यक्षा कोण? भोपाळच्या सुलतान जहान बेगम. एकीने पडदा टाकलेला, दुसरीने वर्षानुवर्षे त्याची बाजू मांडलेली, आणि दोघींनी मागितले ते एकच, मुलींना शिक्षण.

सनातनी कितीही नाक मुरडोत, पडद्याची खरी किंमत डॉक्टरांनी मोजली. रखमाबाईंनी लग्नाच्या खटल्याला तोंड देऊन लंडनला वैद्यक शिकून घेतले आणि पुढे सुरत व राजकोटच्या स्त्री-रुग्णालयांत आयुष्य वेचले. पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही म्हणून दुखणे अंगावर काढलेल्या किती बायका त्यांनी पाहिल्या असतील! १९२९ मध्ये, निवृत्तीच्या सुमारास, त्यांनी पडदा नष्ट करण्याची गरज सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. इंग्रज न्यायाधीशापुढे, मला हे लग्न मान्य नाही, असे सांगणारी बाई पासष्टाव्या वर्षीही गप्प बसली नव्हती.

धर्मग्रंथांचा हवाला सगळेच देतात. कुराणात स्त्रियांना ओढणी छातीवर घ्यायला सांगणाऱ्या आयतीच्या आधीची आयत पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते. ती मात्र क्वचितच कोणी उद्धृत करते. संत पॉलच्या पत्रात प्रार्थनेच्या वेळी स्त्रीने डोके झाकावे असे आहे. आणि सहारातल्या तुआरेग लोकांत चेहरा झाकतात ते पुरुष, तेही मुसलमानच. पण हुकूम जेव्हा ग्रंथातून निघून पोलिसाच्या हातात येतो, तेव्हा त्याचा रंग कळतो. इराणमध्ये रेझाशहाने १९३६ च्या जानेवारीत चादरीवर बंदी घातली. शिपाई रस्त्यात बायकांच्या डोक्यावरचे कापड ओढू लागले, आणि कित्येक जणींनी त्या लाजेने घराबाहेर पडणेच सोडले. त्याच देशात १९८३ पासून डोके न झाकणे हा कायद्याने गुन्हा झाला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बावीस वर्षांची महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात मेली. ओढणारे हात तेच, दिशा तेवढी बदलली. तेहरानच्या रस्त्यावर स्कार्फ जाळणारी मुलगी आणि २०२२ मध्ये कर्नाटकातल्या कॉलेजच्या फाटकाबाहेर हिजाबासाठी अडून बसलेली मुलगी, या दोघींना एकमेकींविरुद्ध उभे करणारे लोक दोघींपैकी एकीचेही ऐकून घेत नाहीत.

चिमणाबाईंची नात गायत्रीदेवी १९४० मध्ये जयपूरला सून म्हणून गेली. आजीने सोडलेला पडदा तिथे अजून जिवंत होता. राजवाड्यात थोरल्या दोघी राण्या त्यातच होत्या. १९४३ मध्ये तिने सरदार-जहागीरदारांच्या मुलींसाठी शाळा काढली, आणि घराण्यांची मनधरणी करून मुली मिळवल्या. १९६२ मध्ये ती लोकसभेला उभी राहिली तेव्हा झालेल्या २,४६,५१६ मतांपैकी १,९२,९०९ मते तिला पडली. त्यांतली किती तरी घुंगटातल्या बायकांची असणार.

त्याच राजस्थानात, आणि आपल्याकडेही, १९९३ पासून पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव आहेत. आता तर निम्म्या. काही गावांत सरपंचबाई डोक्यावरून पदर ओढून खुर्चीवर बसतात आणि बोलतात शेजारचे पतिदेव. काही गावांत त्याच पदरातून टँकरच्या हिशेबाचा प्रश्न निघतो, ग्रामसेवकाला उत्तर शोधायला दप्तर उघडावे लागते, आणि पुढच्या सभेला तो आकडे घेऊन येतो.