एसेनचा पट

जर्मनींतील एसेन शहरीं दरवर्षीं ऑक्टोबरांत 'श्पील' नांवाचा बैठ्या खेळांचा मेळा भरतो. १९८३ सालीं सुरू झालेल्या या मेळ्यास अलीकडे दोन लक्षांच्या आसपास लोक जमतात. चिरंजीव तिकडेच नोकरीस असल्यानें त्यांतील एक दिवस आम्हांस घडला.

येथें खेळ नुसते पाहावयाचे नसून खेळावयाचे. मोकळें मेज दिसलें कीं बसावें. नियम सांगावयास माणूस हजर. दांतांच्या कवळ्या घडविणाऱ्या क्लाउस टॉयबर यांनीं रचलेला 'कटान' (१९९५) मांडून अनोळखी मंडळी विटा, लोंकर, धान्य यांची अदलाबदल करीत होती. घासाघीस अगदीं आपल्या मंडईंतली!

एका मेजापाशीं मात्र आम्ही थबकलों. पटाची फुली ओळखीची. १९१४ सालीं प्रसिद्ध झालेला हा खेळ आपल्या पचिशीचाच वंशज. कवड्यांऐवजीं एक फांसा, आणि नांव 'गड्या, रागावूं नकोस' अशा अर्थाचें. दहाएक वर्षांच्या एका मुलीनें घराच्या तोंडाशीं आलेली आमची सोंगटी मारली, आणि त्या नांवाचा आम्हांस तत्काळ विसर पडला. मुलगी हंसली. चिरंजीव हंसला नाहीं.

त्याच्या परीक्षेच्या वर्षीं आम्हीं आईचा कापडी सारीपाट माळ्यावर टाकला होता. वर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील द्यूतकाराची दुर्दशाही ऐकविली होती. पुढें त्या पटास कसर लागली.

"अण्णा, आजीच्या सोंगट्याही अशाच चार रंगांच्या होत्या ना?" त्यानें विचारलें.

आम्हीं होय म्हटलें, व त्यास बसावयास जागा करून दिली.